चिठ्ठी हातात, पण औषध कोठे?

आम्ही कापडाचे व्यापारी. मालेगावच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड घ्यायचे, गाठी बांधायच्या आणि पुढे प्रोसेसवाल्यांकडे पाठवायच्या, यात आमची तीस वर्षे गेली. औषधपाण्यावर लिहिणे हे आमचे काम नव्हे आणि तसा दावाही नाही. परंतु आज जी गोष्ट मांडायची आहे ती वरून आजाराची दिसत असली तरी मुळात मालाच्या टंचाईची आहे. टंचाई कशी होते, कोणाच्या एका शब्दाने सुटते आणि कोणाच्या गप्प बसण्याने वाढते, हे व्यापाऱ्याला थोडेफार कळते. म्हणून हे धाडस.

दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंचे वजन उतरू लागले. घरात आम्ही सारे त्यांना भाईजान म्हणतो. साठी ओलांडलेली, साखरेचा विकार आधीपासूनचा. जेवण नेहमीसारखे होते, पण अंगी लागेना. दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावे लागे, तेही तेलकट, पाण्यावर तरंगणारे. हे छापील अक्षरांत लिहिताना संकोच वाटतो. पण याच संकोचापायी भाईजानने आठ महिने कोणाला काही सांगितले नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. अखेर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. स्वादुपिंड जुन्या सुजेने निकामी होत आले आहे, त्यातून पाचक रस पुरेसा पाझरत नाही, असे निदान झाले. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी पाच मिनिटांत चिठ्ठी लिहिली. पॅन्क्रियाटिनची कॅप्सूल, २५,००० ताकदीची, जेवणाबरोबर दोन आणि नाश्त्याबरोबर एक, जन्मभर. आम्ही शुक्रिया म्हणून बाहेर पडलो. इस्पितळाच्या दुकानातून पंधरा कॅप्सूल मिळाल्या, तेवढ्याच शिल्लक होत्या.

मालेगावला आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पहिला मेडिकलवाला म्हणाला, "हे आमच्याकडे चालत नाही." दुसरा म्हणाला, "ऑर्डर टाकतो, परवा या." त्या परवाचा आठवडा झाला. तिसऱ्याने एक गोड सिरप काढून समोर ठेवले आणि म्हणाला, "सेठ, हेसुद्धा एन्झाइमच आहे, काम तेच करते, शिवाय स्वस्त." आम्ही विश्वास ठेवला. सुताचा नंबर आम्ही चिमटीत धरून सांगू, पण औषधाच्या बाटलीपुढे आम्हीही अडाणीच. वीस दिवस भाईजान ते सिरप घेत राहिले आणि वीस दिवसांत आणखी चार किलो उतरले. मुंबईला फोन केला तर उत्तर मिळाले की मंगळवारी ओपीडीत येऊन भेटा.

शेवटी मोहल्ल्यातल्या एका तरुण डॉक्टरकडे गेलो. वय तिशीचे, दवाखाना दोन खोल्यांचा. त्याने चिठ्ठी वाचली, सिरपची बाटली उलटून मागची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाला, "चाचा, हे आजच बंद करा. यात चरबी पचवणारे काहीच नाही." मग त्याने आमच्यासमोर तीन फोन केले. एक कंपनीच्या एम.आर.ला, दुसरा नाशिकच्या स्टॉकिस्टला, तिसरा आमच्याच रस्त्यावरच्या मेडिकलवाल्याला. सारे मिळून दहा मिनिटे. तिसऱ्या दिवशी माल दुकानात हजर होता.

आम्ही घरी येऊन विचार करीत बसलो. जे काम आम्हाला वीस दिवस पायपीट करून जमले नाही ते याला दहा मिनिटांत कसे जमले? पैसा आमच्याजवळही होता, फोन आमच्याजवळही होता.

मागणी दिसत नाही, म्हणून माल नाही

याचे उत्तर आम्हाला आमच्याच बाजारात सापडले. समजा गावात पाच कारखानदारांना एखादे विरळ नंबरचे सूत हवे आहे. पाचही जण पाच वेगवेगळ्या दुकानांत जाऊन विचारतात आणि नाही ऐकून परत येतात. प्रत्येक दुकानदाराला वाटते, एकच गिऱ्हाईक आले होते, एकासाठी कोण गाठ उघडणार? मागणी पाचांची, पण ती कोणालाच दिसत नाही. दिसते फक्त एका माणसाला, दलालाला. कारण पाचही जण शेवटी त्याच्याकडे येतात. तो गिरणीला फोन करतो आणि गाडी निघते.

औषधाच्या धंद्यात हा दलाल म्हणजे डॉक्टर. हा शब्द वाईट अर्थाने घेऊ नये, आमच्या बाजारात चांगला दलाल फार इज्जतीचा माणूस असतो. स्वादुपिंडाचे पाच-सात मरीज असतील तर ते सारे एकाच पोटविकारतज्ज्ञाकडे, फार तर दोघांकडे, जातात. त्या डॉक्टरलाच ठाऊक असते की आपल्या शहरात दरमहा या कॅप्सूल किती लागतात. मेडिकलवाल्याला ते ठाऊक नसते, स्टॉकिस्टला तर नसतेच. जो माल हलत नाही तो मुदत संपण्याआधी कंपनीला परत करायचा, हा त्यांचा नियम आणि त्यात त्यांची चूकही नाही. डॉक्टरने तोंड उघडले नाही तर ही मागणी कायमची अदृश्य राहते.

डॉक्टर मंडळी यावर म्हणतील, आमचे काम औषध लिहिणे, पुरवणे नव्हे. कायद्याने ते बरोबरही असेल. पण जे औषध रोगी एक दिवसही सोडू शकत नाही, आणि जे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, ते नुसते लिहून देणे म्हणजे परगावच्या पेढीवर हुंडी लिहून पेढीचा पत्ता न देणे. हुंडी खरी असली तरी पैसे कोठून घ्यायचे?

माल नेमका काय आहे

आता थोडे या मालाविषयी, कारण तो समजल्याशिवाय फसवणूक टळत नाही. स्वादुपिंडातून तीन प्रकारचे विकर आतड्यात येतात. लायपेज चरबी पचवते, अमायलेज पिष्ट आणि प्रोटिएज प्रथिने. ग्रंथी निकामी झाली की सर्वांत मोठा घाटा लायपेजचा होतो. चरबी न पचता बाहेर पडते, वजन उतरते, आणि चरबीबरोबर शरीरात जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही जातात. जुनी सूज, स्वादुपिंडाचा कर्करोग, त्यावरची मोठी शस्त्रक्रिया, आणि मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात विकार, ही याची मुख्य कारणे. केरळसारख्या प्रांतांत तर तरुण वयातच स्वादुपिंडात खडे होऊन ही स्थिती आल्याचे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून नोंदवले आहे.

यावर पॅन्क्रियाटिनची कॅप्सूल देतात. तिच्या आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर आवरण असते, कारण उघडे विकर जठरातील आम्लात जळून जाते. म्हणून ते दाणे चावायचे नाहीत, कुटायचे नाहीत. आणि कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी नव्हे. अन्नच नसेल तर ती पचवणार काय? रमजानमध्ये इफ्तारच्या भज्यांनाही ती लागते, हे भाईजानला आम्हाला दोनदा सांगावे लागले.

बाजारात जी पाचक सिरपे आणि गोळ्या मिळतात त्यांत बहुधा फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असते, काहींत पपईचे पपेन. ती पिष्टावर आणि प्रथिनांवर काम करतात. जड जेवणानंतर कोणी घेत असेल तर घेवो, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण त्यांत लायपेज नसते. ज्याची ग्रंथी बंद पडली आहे त्याला ती देणे म्हणजे जरीच्या साडीच्या जागी मांजरपाट देणे, कारण दोन्ही शेवटी कापडच. आमच्या मते डॉक्टरने चिठ्ठी देताना एक वाक्य तोंडी सांगावे की याच्याऐवजी गॅसचे सिरप कोणी दिले तर घेऊ नका. हे एक वाक्य कोणी बोलले असते तर आमच्या भाईजानचे चार किलो वाचले असते.

आणखी एक बाब व्यापाऱ्याच्या नजरेस लगेच भरली. काही डब्यांवर ताकद युनिटमध्ये असते, काहींवर मिलिग्रॅममध्ये. आम्हाला वाटले दुप्पट मिलिग्रॅम म्हणजे दुप्पट ताकद. तसे नाही. क्रेऑन नावाच्या प्रसिद्ध कॅप्सूलचे उदाहरण घ्या. १५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये लायपेजची १०,००० युनिटे आणि ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये २५,०००. वजन दुप्पट, ताकद अडीचपट. कापडाचे वजन एक असते आणि सुताचा नंबर दुसरा, तसेच हे. म्हणून डॉक्टरने चिठ्ठीवर लायपेजची युनिटे लिहावीत, स्वच्छ आणि मोठ्या अक्षरांत. औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहावे, ही तर मेडिकल कौन्सिलच्या २०१६ च्या दुरुस्तीचीच अपेक्षा आहे.

मूळ नावाचा आग्रह आम्ही आणखी एका कारणाने धरतो. अनुसूची 'एच'मधील औषधांच्या बाबतीत दुकानदाराला लिहिलेल्या मालाऐवजी आपल्या मनाने दुसरा देता येत नाही. हा नियम रोग्याच्या भल्याचाच आहे. पण एकच ब्रँड लिहिला आणि तो संपला, की प्रामाणिक दुकानदाराचे हात बांधले जातात आणि बेपर्वा दुकानदाराचे मोकळेच राहतात. डॉक्टरने मूळ नाव लिहून खाली "२५,००० न मिळाल्यास १०,००० च्या इतक्या" असा हिशेब स्वतःच मांडून दिला तर प्रामाणिक दुकानदाराचा रस्ता खुला होतो.

हिशेबावरून आठवले. ब्रिटनमधील तज्ज्ञ प्रौढ रोग्याला सुरुवातीला प्रत्येक जेवणाला निदान ५०,००० युनिटे आणि नाश्त्याला २५,००० सांगतात. तीन जेवणे आणि दोन वेळचे किरकोळ खाणे धरा. दिवसाला २,००,००० युनिटे, म्हणजे २५,००० च्या आठ कॅप्सूल, महिन्याला २४०. हाच हिशेब १०,००० च्या कॅप्सूलवर केला तर महिन्याला ६००. मेडिकलवाला जेव्हा दहा-पंधरा कॅप्सूल आणून "घ्या, मिळाले" म्हणतो, तेव्हा तो दोन दिवसांची सोय करतो. हे त्याला ठाऊक नसते, कारण चिठ्ठीवर महिन्याचा एकूण आकडा कोणी लिहिलेलाच नसतो. आमच्या धंद्यात मीटर न लिहिलेली ऑर्डर कोणी घेईल काय?

ब्रिटनने काय केले

कोणी म्हणेल, ही मालेगावसारख्या गावाची रड आहे, प्रगत देशांत असे होत नाही. तेथेही झाले. २०२४ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या आरोग्य खात्याने या औषधाच्या तुटवड्याबद्दल देशभर रोगी-सुरक्षेचा इशारा जारी केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा. कारण सांगितले गेले ते असे की कच्चा माल अपुरा आणि कारखान्यांची क्षमता मागणीला पुरी पडत नाही. जेथे औषध सरकारी योजनेतून मिळते तेथे रोगी एका फार्मसीतून दुसरीत फिरू लागले.

या औषधाचा कच्चा माल म्हणजे डुकराचे स्वादुपिंड. तो कत्तलखान्यातून येतो. म्हणजे हा दुय्यम माल झाला, आमच्या धंद्यातल्या चिंधीसारखा. चिंधीची मागणी कितीही वाढली तरी चिंधीसाठी कोणी कापड विणत नाही. कापड जितके विणले आणि कापले जाईल तितकीच चिंधी निघणार. कॅप्सूलची मागणी वाढली म्हणून उद्या ग्रंथी वाढत नाहीत. अशा मालाची टंचाई आली की ती पटकन हटत नाही, हे कोणताही व्यापारी सांगेल.

ब्रिटनने जे उपाय केले त्यांतील काही आम्हाला फार शहाणपणाचे वाटले. एका वेळी एका महिन्यापेक्षा जास्त माल लिहू नये, असे डॉक्टरांना सांगितले. क्रेऑनसाठी तर सिरियस शॉर्टेज प्रोटोकॉल लावून फार्मासिस्टलाच एका महिन्याची मर्यादा पाळण्याचा अधिकार दिला. म्हणजे घाबरलेल्या श्रीमंताने सहा महिन्यांचा साठा करायचा आणि गरिबाने रिकाम्या हाताने परतायचे, हे थांबले. देशातला परवानाधारक माल मिळेनासा झाला तर परदेशातून आणवण्याचा मार्ग डॉक्टरांना दाखवला. आणि ग्रेट ब्रिटन व आयर्लंडच्या पॅन्क्रियाटिक सोसायटीने डॉक्टरांसाठी पायरीपायरीने सल्ला लिहून काढला, की माल कमी पडला तर काय करावे आणि अगदी संपला तर काय करावे.

अमेरिकेचा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा आहे. तेथे ही औषधे कित्येक वर्षे सरकारी मंजुरीशिवायच विकली जात होती. २००४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने जाहीर केले की सर्वांना मंजुरी घ्यावी लागेल. मुदत वाढत वाढत एप्रिल २०१० पर्यंत गेली आणि त्यानंतर मंजुरी नसलेला माल बाजारातून उतरला. निर्णय योग्यच होता, कारण डबीवरची ताकद आणि डबीतली ताकद यांत मेळ नसे. पण ज्यांची जुनी डबी बंद झाली त्यांना नवा माल आणि नवा हिशेब डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा लागला. मात्र "सप्लिमेंट" म्हणून खाद्यपदार्थांच्या नावाखाली विकली जाणारी पाचक विकरे या मंजुरीच्या बाहेरच राहिली. तीच आज मोबाईलवर जाहिरात करून आपल्याकडेही विकली जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आपल्या डॉक्टरांकडून अपेक्षा

आमची अपेक्षा फार मोठी नाही. ज्या डॉक्टरकडे असे रोगी येतात त्याने एक साधी वही ठेवावी. नाशिक, धुळे, मुंबई येथे हा माल कोणत्या स्टॉकिस्टकडे असतो, कंपनीचा एम.आर. कोण, शहरातले कोणते मेडिकल तो मागवून ठेवायला तयार आहे, एवढेच तीत लिहावे. एम.आर. तर दवाखान्यात आपण होऊन येतो, त्याला रिकाम्या हाताने का सोडावे? "माझे इतके रोगी आहेत, महिन्याला इतक्या कॅप्सूल या दुकानात आल्या पाहिजेत," हे त्याला बजावावे. मात्र हे दुकान आपल्या कमिशनचे नसावे. जो डॉक्टर एकाच दुकानाचे नाव घेतो आणि त्यामागे त्याचा हिस्सा असतो, त्याच्या मदतीला आम्ही मदत म्हणत नाही.

दुसरे, माल संपत आला तर काय करायचे हे आधीच सांगून ठेवावे. दहा कॅप्सूल उरल्या तर त्या कोणत्या जेवणाला घ्यायच्या? तेल-तूप कमी करायचे की नाही? जठरातील आम्ल कमी करणारी गोळी जोडून काही फायदा होईल काय? हे रोग्याने स्वतःच्या मनाने ठरवू नये. आमच्या भाईजानने भीतीने तेलतूपच सोडले आणि आणखी खंगले. आणि ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांचा धोका तर वेगळाच. विकरे बंद पडली की अन्न अंगी लागत नाही, पण इन्सुलिन मात्र आपले काम करीत राहते आणि साखर एकाएकी खाली येते. रात्री दोन वाजता भाईजान घामाने डबडबून उठले तेव्हा आम्हाला हे समजले. चिठ्ठीबरोबर समजले असते तर बरे झाले असते.

तिसरी गोष्ट उन्हाची. बहुतेक डब्यांवर २५ अंशांच्या वर ठेवू नये असे छापलेले असते. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. मोठ्या मिनतवारीने मिळवलेली डबी पत्र्याच्या घरात, मागाच्या शेजारच्या फळीवर ठेवली तर आतला माल हळूहळू निकामी होतो. वरून काही दिसत नाही. यंत्रमागावरचा मजूर ही महाग कॅप्सूल कशी विकत घेतो ते त्याचे त्यालाच ठाऊक. निदान ती वाया जाऊ नये म्हणून डॉक्टरने विचारावे की घरात ठेवणार कोठे?

आता ती गोष्ट, जी आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात मघापासून घोळत असेल. होय, हा माल डुकरापासून बनतो. ब्रिटन, अमेरिकेत परवाना असलेली पॅन्क्रियाटिनची सारी औषधे त्याचीच आहेत. आम्हाला हे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले नाही. भाईजानच्या मुलाने डबीवरची अक्षरे वाचली आणि घरात सन्नाटा पसरला. दोन दिवस भाईजानने कॅप्सूलला हात लावला नाही. आम्ही मुफ्तीसाहेबांकडे गेलो. त्यांनी आधी विचारले की दुसरा पर्याय आहे काय आणि हे कोणत्या जाणकार तबिबाने सांगितले आहे? पर्याय नाही आणि जिवाचे नुकसान आहे असे डॉक्टरकडून लिहून आणल्यावर त्यांनी ज़रूरतचा उसूल समजावून इजाजत दिली. आम्ही आलिम नाही, प्रत्येकाने आपल्या भरवशाच्या आलिमला विचारावे. पण मुफ्तीसाहेबांच्या दोन्ही सवालांचा जवाब डॉक्टरच देऊ शकतो, हे डॉक्टर मंडळींनी ध्यानात घ्यावे. माल कशाचा आहे हे पहिल्याच दिवशी साफ सांगावे आणि पर्याय नसल्याची दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. लपवल्याने रोगी औषध घेत नाही. तो फक्त घेतो असे सांगतो. मग डॉक्टर म्हणतो मात्रा वाढवा, आणि ज्याला माल मिळत नाही त्याच्या वाट्याचा माल कोणाच्या तरी कपाटात पडून राहतो. शाकाहारी जैन बंधूंचीही हीच अडचण असणार.

आमच्या बिरादरीत मेडिकल स्टोअर चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांना भाऊ म्हणून एकच सांगणे आहे. माल नसेल तर नाही म्हणा आणि कोणाकडे असेल ते सांगा. चांगला कापडवाला गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवतो आणि ते गिऱ्हाईक पुढच्या ईदला त्याच्याकडेच परत येते. टंचाईचा वास लागताच डबे दडवणे याला आपल्याकडे इहतिकार म्हणतात आणि त्याबद्दल काय हुकूम आहे हे कोणाला नव्याने सांगायला नको.

आखाती देशांत ज्यांचे नातेवाईक आहेत ते म्हणतील, दुबईहून मागवू. जरूर मागवा, पण रीतीने. प्रवासी स्वतःच्या उपयोगासाठी मर्यादित औषध सामानातून आणू शकतो. दुसऱ्यासाठी, येथे परवाना नसलेले औषध आणायचे असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२-अ भरून १२-ब चा परवाना घ्यावा लागतो आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. येथेही गाडी डॉक्टरपाशीच येऊन थांबते. दुसरे असे की क्रेऑन हे नाव एक असले तरी भारतात ते अ‍ॅबटचे, युरोपात व्हियाट्रिसचे आणि अमेरिकेत अ‍ॅबव्हीचे आहे. तेव्हा परदेशच्या टंचाईची बातमी ऐकून येथे घाईने साठा करण्याचे कारण नाही, आणि येथे माल नाही म्हणून तेथेही नसेल असे समजण्याचेही नाही. औषध बाजारातच मिळत नसेल तर राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने २०१५ मध्ये फार्मा जन समाधान ही सोय सुरू केली, तीत किमतीबरोबर औषध न मिळण्याचीही तक्रार घेतली जाते. एका रोग्याच्या तक्रारीपेक्षा डॉक्टरच्या सहीची तक्रार जड पडेल, हे सांगायला नको.

त्या तरुण डॉक्टरकडे आम्ही गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. टेबलावर एक लांबट वही होती, आमच्या पेढीवरच्या खतावणीसारखी. त्याने ती उघडून दाखवली. शहरातले अकरा रोगी, प्रत्येकाची महिन्याची गरज, कोणाची डबी कोणत्या तारखेला संपते. महिन्याच्या वीस तारखेला तो एकच फोन करतो आणि अकरा जणांचा माल एका दुकानात येतो. आम्ही विचारले, "डॉक्टरसाहेब, ही वही लिहायला किती वेळ जातो?" तो हसून म्हणाला, "चाचा, तुम्ही बाहेर बसून वाट पाहिलीत ना, त्याहून कमी." भाईजानचे नाव चौथ्या ओळीवर होते. वजन अठ्ठावन्न किलो, पुढची डबी सात तारखेला.